वही परत येते तेव्हा
(अलिबाग येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, म्हणून विषयही शिकण्या-शिकवण्याचाच घेतला आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलेला विद्यार्थी मध्येच गळतो. तो गळू नये, त्याचं मन अभ्यासात राहावं, यासाठी काय करावं लागतं याबद्दल मला बोलायचं आहे. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून मी पुष्कळ वर्षं काम केलं. रेवदंडा, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या बाजूची मुलंमुली, गृहिणी, जहाजावर जाणारे तरुण, रिसॉर्टमध्ये राबणाऱ्या बायका हे माझे विद्यार्थी. त्यांच्याकडे पाहून माझं जे मत बनलं ते आधीच सांगून टाकते. पडद्यावर काय दाखवलं, यावर विद्यार्थी टिकत नाही. त्याने केलेलं काम कुणीतरी वेळेत वाचतं आणि त्याला नाव घेऊन उत्तर देतं, यावर तो टिकतो. बाकीच्या सगळ्या युक्त्या त्यानंतर.

गळती किती मोठी असते ते पाहा. हार्वर्ड आणि एमआयटी या दोन नामवंत संस्थांनी एडएक्स या मंचावर जगभरातल्या लोकांसाठी अभ्यासक्रम खुले केले. त्यांच्या काही वर्षांच्या नोंदी तपासून जस्टिन राइक आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोक अभ्यासक्रमात एकदाही शिरले नव्हते. २०१७-१८ या वर्षी अभ्यासक्रम पुरा करणारे होते ३.१३ टक्के, आणि हा आकडा आधीच्या वर्षांपेक्षा घसरलेला होता. फुकट आहे म्हणून सहज डोकावणारे यात खूप असतात हे खरं. पण पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नोंदणी केलेल्यांतही त्या वर्षी ४६ टक्केच शेवटपर्यंत गेले. उत्तम प्राध्यापक, उत्तम चित्रीकरण, खिशातले पैसे गुंतलेले, आणि तरीही निम्म्याहून अधिक माणसं वाटेतच थांबली. तेव्हा आपल्याकडे कुणी थांबलं की ‘हल्लीच्या मुलांना गोडीच नाही’ असं म्हणून मोकळं होणं बरोबर नाही.

गोडीचा प्रश्न नंतर येतो. त्याआधी वाट मोकळी आहे का, ते बघावं लागतं. आपल्या किनाऱ्याला हे कुणी समजावून सांगायला नको. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा या पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं उडाली, विजेचे खांब आणि मोबाईलचे टॉवर पडले. आणि १५ जूनला राज्यात शैक्षणिक वर्ष सुरू झालं, तेही करोनामुळे शाळांची दारं बंद ठेवून. ज्या दिवशी मुंबई-पुण्यातली मुलं मोबाईलसमोर बसली, त्या दिवशी आपल्याकडच्या कित्येक गावांत मोबाईल चार्ज करायलाही वीज नव्हती. बाप बागेतली पडलेली झाडं तोडतोय, आई ओले कपडे आणि धान्य वाळवतेय, आणि मुलगी घाटीवर चढून रेंज शोधतेय. त्या मुलीला प्रेरणेवर भाषण देण्याची गरज नव्हती. चढण चढून ती वर आली होती, यातच तिची प्रेरणा दिसत होती. वर पोचल्यावर तिच्या हाती काय लागलं? चाळीस मिनिटांचा व्हिडिओ. तो उघडेपर्यंत बॅटरी संपली.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीच्या सप्टेंबर २०२० मधल्या दूरध्वनी फेरीत ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी ६१.८ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन असल्याचं दिसलं. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होतं. पण पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुलं जेमतेम एक तृतीयांश होती. फोन वाढले, पण त्या फोनवर शाळेकडून येणारं थोडंच होतं. त्याच काळात केंद्राने ‘प्रज्ञाता’ ही मार्गदर्शक तत्त्वं काढून पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोनच तासिका, अशी मर्यादा घातली. अनेकांना ती अपुरी वाटली. मला ती योग्य वाटली. पडद्यासमोरचा वेळ बांधून दिला की उरलेलं शिक्षण पडद्याबाहेर घडवावं लागतं, आणि तिथेच ते घडतं. एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशनने सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली, तिचं वेगळेपण हेच होतं. फळ्यासमोर उभं राहून शिकवणारा शिक्षक त्यात नव्हता. घरातली माणसं आणि मुलं परसात, ओट्यावर काहीतरी करून बघताना दिसत. पाहणाऱ्या मुलाला वाटे, हे मलाही जमेल.

आता दूरशिक्षणाच्या मुळाकडे जाते, कारण आज नवं म्हणून जे विकलं जातं त्यातला चांगला भाग फार जुना आहे. इंग्लंडमध्ये १८४० मध्ये एक पेनीत देशभर पत्र पोचवणारी टपालव्यवस्था सुरू झाली. त्याच सुमारास आयझॅक पिटमन टपालाने लघुलिपी शिकवू लागले. विद्यार्थी बायबलमधले उतारे लघुलिपीत लिहून पाठवत. पिटमन ते तपासून, चुका दुरुस्त करून परत धाडत. छापलेली पाठ्यपुस्तकं तेव्हाही बाजारात मिळत होती. लोकांना हवा होता तो दुरुस्त होऊन परत येणारा कागद. १९७१ मध्ये ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात पहिले विद्यार्थी दाखल झाले. दूरचित्रवाणीवरच्या व्याख्यानांमुळे त्या विद्यापीठाचा गाजावाजा झाला. पण विद्यार्थ्यांना धरून ठेवलं ते शिक्षकाने तपासून, शेरे लिहून परत केलेल्या स्वाध्यायांनी. मुंबई विद्यापीठाने दूरशिक्षणाची संस्था सुरू केली तीही १९७१ मध्येच.

मग १९८९. त्या एका वर्षात महाराष्ट्राने दोन विद्यापीठं स्थापली. एक आपल्याच जिल्ह्यात, लोणेऱ्याला, बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ. चवदार तळ्याचं महाड तिथून जवळ. दुसरं नाशिकला, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पहिल्यात शिकायला मुलाने लोणेऱ्याला यायचं. दुसऱ्याने ज्ञानगंगा घरोघरी न्यायचं ब्रीद घेतलं आणि स्वतः विद्यार्थ्याकडे जायचं ठरवलं. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांना पुस्तकं टपालाने पाठवून भागणार नाही याची पुरती जाण होती. म्हणून गावोगाव अभ्यासकेंद्रं निघाली, संपर्कसत्रं ठरली, आणि विद्यार्थ्याशी बोलणारा माणूस नेमला गेला, तो समंत्रक. त्याच्याकडून अपेक्षा व्याख्यानाची नव्हती. विद्यार्थ्याने घरी वाचावं आणि अडलेलं इकडे घेऊन यावं, अशी ती रचना. आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून नेमका हा माणूस गायब होतोय, आणि त्याची जागा आपोआप येणारे संदेश घेत आहेत. ‘प्रिय विद्यार्थी, आपला स्वाध्याय प्रलंबित आहे.’ हा संदेश हजार जणांना एकाच क्षणी गेलेला असतो, आणि प्रत्येकाला ते ठाऊक असतं.

एक प्रसंग सांगते. नागावच्या बाजूला एका घरगुती निवासात स्वयंपाक करणारी बाई पदवीचा अभ्यास करत होती. तिने व्हॉट्सअॅपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. कोपऱ्यात हळदीचा डाग, अक्षर घाईचं, आणि चौथं उत्तर अर्ध्यावर सोडलेलं. प्रश्न पंचायत राजमधल्या ग्रामसभेच्या अधिकारांवर होता. मी त्याच पानावर लाल खुणा केल्या आणि दोन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला. पहिली तीन उत्तरं बरोबर आहेत, असं सांगितलं. चौथ्यात तुम्ही ‘ग्रामसभा फक्त ऐकते’ असं लिहून थांबला आहात. तुमच्या गावच्या मागच्या ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवर काय झालं ते आठवा आणि तिथून पुढे लिहा, असंही सांगितलं. रात्री अकरानंतर उत्तर आलं: ‘बाई, तुम्ही खरंच वाचलंत?’ सोबत पूर्ण केलेलं चौथं उत्तर होतं, आणि न मागितलेलं पाचवंही. पुढे वर्षभर तिचा एकही स्वाध्याय चुकला नाही.

तिच्या त्या प्रश्नात मला आपल्या सगळ्या दूरशिक्षणाचं दुखणं दिसतं. आपण लिहिलेलं कुणी वाचेल, असं विद्यार्थ्याला वाटतच नाही.

म्हणून उत्तर किती लवकर जातं, याला मी फार किंमत देते. तिसऱ्या दिवशी गेलेलं चार ओळींचं उत्तर हे पंधराव्या दिवशी गेलेल्या दोन पानांपेक्षा कामाचं. पंधरा दिवसांनी विद्यार्थ्याला आपण काय लिहिलं होतं तेच आठवत नाही. शिवाय गळणारा विद्यार्थी ‘मी गळतोय’ असं सांगून जात नाही. वर्गात बाक रिकामा दिसतो. ऑनलाइन वर्गात यादी तेवढीच लांब राहते, आणि नाव तिथेच असून माणूस निघून गेलेला असतो. माझ्या पाहण्यात दुसरा-तिसरा आठवडा सर्वांत नाजूक. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो, आणि पहिली अवघड जागा आलेली असते. या दिवसांत जो गप्प झाला त्याला फोन करायचा. ‘स्वाध्याय का दिला नाही’ या वाक्याने सुरुवात झाली की समोरचा सबबी शोधू लागतो. ‘कुठल्या पानावर आहात?’ असं विचारलं की तो पान सांगतो, आणि मग अडचणही सांगतो. हे सगळं करायचं तर एका समंत्रकाकडे वीस-पंचवीसच विद्यार्थी हवेत. दोनशे असले तर उत्तम माणूससुद्धा ते करू शकणार नाही. ऑनलाइन शिक्षण स्वस्त पडतं असं म्हणणाऱ्यांनी हा खर्च धरलेला नसतो.

आता गोडीकडे येते. ज्यांची बारावी झालेली नाही त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम असे. त्या वर्गाला अपूर्णांकांचा गुणाकार शिकवायचा होता. तयार व्हिडिओत पिझ्झाचे तुकडे करून दाखवले होते. कुणी पुरता पाहिला नाही. मग मी गटावर एक प्रश्न टाकला: ‘आज द्वादशी. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं आहे. किती वाजता निघू?’

किल्ला समुद्रात आहे, तिथे ओहोटीलाच चालत जाता येतं. त्यासाठीचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब तुम्हा सर्वांना माहीत आहे. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते. द्वादशीला बारा गुणिले पाऊण म्हणजे नऊ. नऊला पूर्ण भरती, पुढे सहा तासांनी, तीनच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. तेव्हा दोननंतर निघावं. काही मिनिटांत उत्तरं येऊ लागली. ज्यांच्या आज्याने पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ केली होती, त्यांच्या घरात आज्यालाही विचारणा झाली. अष्टमीचा हिशेब दुसऱ्या दिवशीसाठी दिला: आठ गुणिले पाऊण सहा, म्हणजे ओहोटी बाराला. त्यावर थेरोंड्याच्या एका कोळ्याच्या मुलाने लिहिलं की गणित बरोबर आहे, पण अष्टमीला भांगाचं पाणी असतं, ते फारसं मागे हटत नाही. बाराला निघालात तर गुडघाभर पाण्यातून जावं लागेल. गणिताने वेळ सांगितली होती. पाणी किती खोल हे त्यात नव्हतंच. तिथून चर्चा सूर्य-चंद्राच्या ओढीवर गेली, उधाण आणि भांग का होतात यावर गेली, भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे का सरकते यावर गेली. तीन चतुर्थांश तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, मग पन्नास का, हे एका मुलीने विचारलं. पाऊण हा तोंडी हिशेबासाठी घेतलेला ठोकळ आकडा आहे, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. त्या आठवड्यात मी कुणालाही आठवण करून दिली नाही.

इथे काय घडलं? प्रश्न विद्यार्थ्याच्या अंगणातला होता. त्याला आधीपासून थोडं माहीत होतं, आणि शिक्षिकेला माहीत नसलेलंही त्याच्याजवळ होतं. आपल्याकडे देण्यासारखं काही आहे, असं ज्या वर्गात वाटतं तो वर्ग कुणी सोडत नाही.

याउलट गुण, पदकं, ताऱ्यांच्या रांगा आणि ‘तुम्ही आज सातव्या क्रमांकावर आहात’ यांचा सध्या सुळसुळाट आहे. एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सोमा नावाचं ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं. काहींना प्रत्येक सोडवणुकीचे पैसे दिले, काहींना दिले नाहीत. नंतर पैसे थांबवून मोकळा वेळ दिला, तेव्हा आधी पैसे मिळालेले विद्यार्थी त्या कोड्याशी कमी वेळ रमले. बक्षिसाची सवय लागली आणि कोड्याची ओढ कमी झाली. पदकं मुळीच देऊ नयेत असं मी म्हणत नाही. मोठ्या मेहनतीनंतर मिळालेलं प्रमाणपत्र घरात चौकटीत लावावं, त्याचा अभिमान बाळगावा. पण रोजच्या रोज क्रमांक लावून तळातल्या मुलाला तो तळात असल्याची आठवण करून देणं, हा त्याला बाहेर काढण्याचा रस्ता आहे.

कॅमेऱ्याचीही सक्ती करू नये. कॅमेरा बंद असला की मन वर्गात नाही, असं शिक्षकांना वाटतं. एका खोलीत पाच माणसं राहतात, मागे कुणी जेवतंय, कुणी आजारी पडून आहे. ते सगळं वर्गाला दाखवायला मुलगी तयार नसते. तिला बोलतं करायचं तर तिच्याकडून एक ओळ लिहून घ्यावी, एक फोटो मागावा, तिचं नाव घेऊन एक सोपा प्रश्न आधी विचारावा. अवघड प्रश्न मागाहून.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती फार कमी बोलली जाते. वेळापत्रक कुणाच्या सोयीचं? संपर्कसत्रं पूर्वीपासून रविवारी, कारण नोकरदाराला रविवारी सुट्टी. आपल्या किनाऱ्यावर रविवार हा सुट्टीचा वार राहिलेला नाही. शनिवारी मांडव्याच्या बोटी आणि वडखळचा रस्ता भरून वाहतात. किहीम, नागाव, काशीद, दिवेआगरला घराघरात पाहुणे उतरलेले असतात. त्या दोन दिवसांत इथली तरुण पोरं आणि बायका उसंत न घेता राबतात, आणि तेव्हाच आपण त्यांना वर्गाला बोलावतो. मग पटावर गैरहजेरी आणि शेऱ्यात ‘अनास्था’. माझ्या गटाचं सत्र मी मंगळवारी दुपारी नेलं, तेव्हा तीच माणसं आली. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते. त्या दोन महिन्यांत कोळीवाड्यातल्या पोरांना वेळ मिळतो, आणि नेमके तेव्हा आपले वर्ग सुरू झालेले नसतात. भातलावणीच्या आठवड्यात स्वाध्यायाची मुदत ठेवायची आणि मग दंड लावायचा, हेही आपणच करतो.

कातकरी वाड्यांचं तर सगळं वर्षच वेगळं. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर जातात, पावसाच्या तोंडाशी परततात. त्यांच्या मुलाला ‘लॉगइन’ कुठून करणार? याच कोकणपट्टीवर उत्तरेला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याचं उत्तर दिलेलं आहे. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या वाडीत अंगणात गेल्या, आणि गुरं राखणारी मुलं कुरणात असतात म्हणून शाळाच कुरणात नेली. इंटरनेटने आज शाळा कुठेही नेता येते. नेणारं माणूस मात्र त्या दोघींसारखं लागेल, मूल कुठे आहे ते आधी जाऊन बघणारं.

हे सगळं सांगून मी केवळ विद्यापीठांकडे बोट दाखवणार नाही. या सभागृहात निवृत्त शिक्षक बसले आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, वकील आहेत, वेधशाळेत आणि खतकारखान्यात आयुष्य घालवलेले आहेत. ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरच्या, मुक्त विद्यापीठाच्या, आणखी कुठल्या अभ्यासक्रमांना नाव घातलेली आपल्या तालुक्यातली मुलंमुली आज एकेकटी शिकत आहेत. त्यांचे व्हिडिओ दिल्लीहून, चेन्नईहून येतात आणि उत्तम असतात. त्यांची वही वाचायला मात्र कुणी नाही. ही व्याख्यानमाला चालवणाऱ्या वाचनालयाच्या कार्यकारिणीशी माझं बोलणं झालं आहे. दर मंगळवारी दुपारी दोन ते पाच अभ्यासिका या विद्यार्थ्यांसाठी खुली राहील, वायफाय आणि चार्जिंगची सोय राहील. ज्यांना येता येणार नाही ते वहीचं पान फोटो काढून पाठवतील, आणि ते तीन दिवसांत तपासून परत जाईल.

यासाठी माणसं हवी आहेत. एकाने पाच विद्यार्थी घ्यावेत, जास्त नकोत. इंग्रजी, हिशेब, अर्थशास्त्र, संगणक आणि विज्ञान यांची गरज जास्त आहे. दाराशी कार्यवाहांच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात आपलं नाव, विषय आणि आठवड्यातले कोणते दोन तास देऊ शकाल, ते जाताना लिहून ठेवावं. पहिला मंगळवार पुढच्याच आठवड्यातला आहे.